कूलर चिकट हवा फेकू लागला की

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. कुत्रीसुद्धा बंद दुकानांच्या पायऱ्यांखालून हलत नाहीत. त्या रिकाम्या चार तासांत मला आभाळ बघायची खोड लागली. सुरुवात २०१४ ची. त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात कुठे ना कुठे होत राहिली. सासुरवाडीचा उभा गहू झोपला, हरभऱ्याचे घाटे फुटले. सासरेबुवा म्हणाले, "तुमच्या दुकानात रोज चार पेपर येतात, कोणी सांगितलं नाही का?" सांगितलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आता आम्ही पाच जण आहोत. मी, आर्वीकडचे एक मास्तर, नागपूर-यवतमाळ मार्गावरचे एक एसटी ड्रायव्हर, कारंजा घाडगेकडचा एक संत्रा बागायतदार आणि नागपुरात इंजिनिअरिंग शिकणारा एक पोरगा, ज्याला बलूनचे तक्ते वाचता येतात. फोनवरच्या आमच्या गटाचं नाव 'वावधन मंडळ'. वावधन म्हणजे वऱ्हाडी बोलीतलं वादळ. आमचा हंगाम होळीपासून मृगापर्यंत. पावसाळा लागला की आम्ही झोपतो, कारण मोसमी पाऊस सगळेच बघतात. आम्हाला हवा असतो तो ४४ अंशांच्या दुपारनंतर अचानक उठणारा, तासाभरात गाव झोडपून निघून जाणारा वळीव. आजवर जे समजलं ते खाली लिहितो. त्यातलं बरंचसं चुकून समजलं आहे.

१. थर्मामीटरआधी कूलरला विचारा

विदर्भात कूलर म्हणजे घरातला माणूस. लोखंडी डबा, तीन बाजूंना गवताच्या नाहीतर वाळ्याच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी आणि आत पंखा. मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं की हे यंत्र हवा गार करतं आणि जाता जाता हवेतली वाफही मोजून दाखवतं.

कूलर पाणी उडवून हवा गार करतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी जास्त उडतं. दवबिंदू म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली तर तिच्यातल्या बाष्पाचं दव होईल, तो आकडा. बाहेर ४४ अंश आणि दवबिंदू ६ असेल, तर चांगला कूलर हवेला २१ अंशांच्या आसपास नेऊ शकतो. दुपारी चादर ओढावी लागते ती अशाच दिवशी. पण बाहेर ४२ आणि दवबिंदू २१ झाला, तर त्याच कूलरला २७ च्या खाली जाताच येत नाही. पारा दोन अंशांनी उतरला, पेपरात 'दिलासा' छापून आला, आणि घरोघरी मात्र लोक टाकीत पाणी आहे का ते बघू लागतात. पाणी असतं. हवा बदललेली असते.

आमच्याकडे उन्हाळ्यात वारा मुख्यतः वायव्येचा. राजस्थान-मध्य प्रदेशाकडून येणारा, भाजून काढणारा, कोरडा. कधी तो थकतो आणि खालच्या थरात बंगालच्या उपसागराकडून आग्नेयेचा दमट वारा आत शिरतो. हवामान खात्याच्या पत्रकात 'विदर्भापासून तमिळनाडूपर्यंत द्रोणीय रेषा' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' असे शब्द येतात, ते याच भांडणाबद्दल असतात. दोन वारे भिडतात ती रेषा घरावरून गेली, हे मला कूलर आधी सांगतो आणि मोबाइल नंतर. आमच्या गटात सगळ्यात गंभीर संदेश चार शब्दांचा असतो: 'आमच्याकडे कूलर चिकट झाला.' त्यावर नागपूरचा पोरगा लगेच तक्ते उघडतो.

२. लाट ऐन भरात असताना आभाळाकडे आशेने बघू नका

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांहून अधिक चढलं असेल, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. सरासरी बाजूला ठेवून थेट ४५ गाठले तरी लाटच, आणि ४७ गाठले तर तीव्र लाट. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा यांना या हिशेबाची सवय आहे. पहिली दोन-तीन वर्षं माझा समज असा की जितकं तापेल तितकं जोरात कोसळेल. 'आज ४६ गेलं, आज येणारच' असं म्हणून मी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचो. यायचं काही नाही. आभाळ पितळेसारखं, ढगाचा ठिपका नाही.

कारण आमच्या डोक्यावर झाकण असतं. लाटेत वरची हवा खाली दाबली जाते. दाबली की ती आणखी तापते, आणि जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरवर गरम, कोरड्या हवेचा एक थर बसतो. खालून उठलेली हवा तिथवर जाते आणि थबकते. रोज पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी नागपूरहून बलून सोडतात. त्याला टांगलेलं यंत्र वर जाताना तापमान, बाष्प आणि वारा कळवत जातं. त्याच्या तक्त्यात हे झाकण स्पष्ट दिसतं. वर चढणाऱ्या हवेला किती ऊर्जा मिळू शकेल त्याचाही आकडा त्यात असतो. पोरं त्याला 'केप' म्हणतात. तीन हजारांच्या पुढचा केप बघून आम्ही कितीदा जल्लोष केला आणि कितीदा रात्री चांदण्यात जेवलो, ते सांगत नाही. तिजोरीत पैसा आहे आणि किल्ली हरवली आहे, असं ते दुखणं.

खरी मजा लाटेच्या काठावर असते. लाट ओसरायला लागते, झाकण पातळ होतं, खाली बाष्प शिरलेलं असतं आणि दुपारी साडेतीन-चारला कुठेतरी एका जागी ते फुटतं. मग आधी कापसाच्या बोंडासारखा दिसलेला ढग अर्ध्या तासात पंधरा किलोमीटर उंच जातो आणि वरच्या वाऱ्यात त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. ऐरण दिसली की मास्तर वर्गातल्या पोरांना खिडकीशी बोलावतात. त्यांना त्याबद्दल एकदा बोलणी बसली आहेत.

३. रडारवरचं आभाळ शिळं असतं

हा धडा मला महाग पडला. मला म्हणण्यापेक्षा दुसऱ्याला.

समुद्रपूर तालुक्यात वायगावच्या हळदीचा पट्टा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ती. काढणी झाली की हळद शिजवतात आणि उघड्यावर ऊन देत पंधरवडाभर वाळवतात. तिथले एक काकाजी माझे जुने गिऱ्हाईक, दम्याचं औषध नेतात. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "भाऊ, हयद उघडीवर हाय. पच्छिमेले कायं दिसून राह्यलं. किती वेळ हाय?"

मी नागपूरच्या रडारचं चित्र उघडलं. पुलगावच्या अलीकडे लाल ठिपका. तिथून त्यांचं शेत साठ-पासष्ट किलोमीटर. ढग ताशी चाळीसने सरकत होता. मी डॉक्टरसारखा गंभीर आवाज काढून सांगितलं, "दीड तास आहे. चहा घ्या, मग ताडपत्र्या काढा." त्यांनी चहा घेतला.

पंचविसाव्या मिनिटाला त्यांच्या अंगणात पाणी होतं. अर्धी हळद भिजली. भिजलेल्या हळदीचा रंग जातो, बुरशी धरते, आणि बाजारात तिच्याकडे कोणी बघत नाही.

माझं चुकलं ते दोन ठिकाणी. पहिली चूक सोपी होती: रडारचं चित्र दहा-पंधरा मिनिटांनी बदलतं आणि फोनपर्यंत पोचायला आणखी वेळ घेतं. मी जे बघत होतो ते होऊन गेलेलं होतं. दुसरी चूक कळायला मला वर्ष लागलं. वादळ एसटीसारखं स्टॉप घेत येत नाही. मोठ्या ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटते आणि पुढे पसरते. पसरताना समोरच्या गरम, दमट हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर ढकलते. मूळ ढगाच्या वीस-तीस किलोमीटर पुढे नवा ढग जन्मतो. पुलगावकडचा ढग कधीच समुद्रपूरला पोचला नाही. त्याचं पिल्लू हिंगणघाटच्या पुढे उठलं आणि तेच काकाजींच्या शेतावर रिकामं झालं. मी ठिपक्याचा वेग मोजत होतो, आणि जिथे ठिपकाच नव्हता तिथलं मला सांगायचं होतं.

आणखी एक खोच. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखाली वाकत जाते. नागपूरपासून दोनशे किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून चार किलोमीटर उंचीवरून जातो. तिथे ढगाच्या पोटात काय चाललंय ते दिसतं, पायाशी काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून लांब यवतमाळच्या बाजूला आम्ही रडारपेक्षा ड्रायव्हरभाऊंच्या फोनवर जास्त विसंबतो. तेही गाडी उभी असतानाच्या.

काकाजींनी मला शब्दाने बोल लावला नाही. दोन महिने दुकानातही आले नाहीत.

४. पावसाच्या आधी वारा मारतो

लोक ढग बघून विचारतात, पाणी किती? उन्हाळ्यात विचारायला हवं, वारा किती?

हिशेब सोपा आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर एका अंशाला ढगाचा पाया साधारण १२५ मीटर वर सरकतो. ४४ वजा १६ म्हणजे २८ अंश. पाया साडेतीन किलोमीटरवर. एवढ्या उंचीवरून, भट्टीसारख्या कोरड्या हवेतून पडताना बराचसा पाऊस वाटेतच उडून जातो. उडताना तो हवा गार करतो. गार हवा जड होते आणि दगडासारखी खाली येते. थेंब पोचतो ना पोचतो, वावधन मात्र पोचतं. समोर धुळीची तांबडी भिंत, मग पत्र्यांचा आवाज, मग वीज गुल. पाऊस नंतर, तोही कधी फक्त धूळ बसवण्यापुरता.

९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारस इथे मंदिराच्या आवारात लोक पावसापासून बचावायला टिनाच्या शेडखाली थांबले. जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर पडलं आणि सात जण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला, १७ जण गेले. त्या दुपारीही आधी धुळीचं वादळ आलं होतं. या दोन्ही बातम्या मी दुकानाच्या काउंटरच्या काचेखाली कापून ठेवल्या आहेत. वादळात माणूस स्वाभाविकपणे झाडाखाली, शेडखाली, पंपाच्या छताखाली पळतो. अंग ओलं होऊ नये म्हणून. ओलं झालेलं अंग वाळतं, हे गिऱ्हाइकांना सांगताना मला आपण उगाच शहाणपण शिकवतोय असं वाटतं. तरी सांगतो.

आमच्या गटाची एक सवय: ऐरण दिसली की पहिला संदेश गच्चीवरच्या वस्तूंसाठी. पाण्याच्या रिकाम्या टाक्या, सोलरच्या सैल काचा, दुकानांचे बोर्ड. माझा स्वतःचा 'चोवीस तास सेवा' हा बोर्ड दोनदा शेजारच्या चपलांच्या दुकानात गेला आहे. सेवा चोवीस तास नाही, ते वेगळं.

५. पाठलाग करू नका

अमेरिकेतल्या वादळांमागे गाड्या घेऊन धावणाऱ्यांचे व्हिडिओ बघून आमच्याही अंगात आलं होतं. तिथले रस्ते सरळसोट, काटकोनात फुटणारे, चारही दिशांना पळायला वाट. तरीही ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळच्या टोर्नेडोत टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं मारले गेले. समारस हा उतावळा पोरगा नव्हता, आयुष्य याच अभ्यासात घातलेला माणूस होता. आमच्याकडे तर रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी आणि कडुलिंब, मधे बैलबंडी, पुढे कापसाची ट्रॉली, आणि धूळ आली की दहा फुटांवरचं दिसत नाही. आम्ही एकदाच गेलो, आर्वी रस्त्याला, मोटरसायकलवर. मास्तर मागे बसले होते. समोरच्या शेतात वीज पडली तेव्हा दोघांच्या हातांवरचे केस उभे राहिले. मास्तरांनी घरी सांगितलं नाही. मीही नाही. इथे पहिल्यांदा सांगतोय.

देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि त्यातली फार मोठी संख्या शेतात काम करणाऱ्यांची आहे. पाऊस सुरू व्हायच्या आधीच वीज पडू शकते, ढगापासून दहा किलोमीटर लांबही पडू शकते. लखलखाट आणि कडाडणं यांतले सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर अंतर. हे गणित मी पोरांना शिकवायचो. आता शिकवत नाही, कारण पोरं मोजत बाहेरच उभी राहतात. आवाज ऐकू आला की आत जायचं. शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पक्कं घर नसेल तर बंद काचांची मोटार चालते, टिनाची उघडी शेड नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळांत वीज कुठे पडतेय ते ते दाखवतं. गुराख्याच्या साध्या फोनवर ते चालत नाही, आणि धोका सगळ्यात जास्त त्यालाच. त्याला फोन करावा लागतो.

६. भडक आकडा दिसला की आधी शंका घ्या

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९. देशभर धुरळा. दोन्ही ठिकाणी यंत्राची चूक निघाली. मुंगेशपूरचं यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. त्या दिवशी आमच्या गटात सगळ्यात आधी "शक्यच नाही" म्हणाला तो संत्र्याचा बागायतदार. त्याचं कारण शास्त्रीय नव्हतं. "छप्पन असतं तर माझी झाडं मला बोलली असती," म्हणाला.

मी हसलो नाही, कारण त्याआधी मी स्वतः माझ्या गच्चीवर ५१ नोंदवून गल्लीभर मिरवलो होतो. तापमापक पत्र्याच्या भिंतीला खिळ्याने टांगला होता. मी भिंत मोजत होतो. हवा मोजायची तर पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, खाली माती किंवा गवत असेल तिथे मोजायची. सुताराकडून पेटी करून घेतली. त्या दुपारी ४४.२ आले. गल्लीला फारसं आवडलं नाही.

७. स्वतःचंही ऊन बघा

याबद्दल थोडक्यात, कारण हे माझ्या धंद्याचं आहे आणि जाहिरात वाटेल. ढगाची वाट बघत गच्चीत बसणारे लोक तहान विसरतात. ओआरएस, डोक्याला ओलं उपरणं, आणि सोबत एक माणूस. कूलर चिकट झालेल्या दिवशी विशेष जपा. पारा कमी असतो, पण घाम वाळत नाही, आणि अंगही कूलरसारखंच पाणी उडवून थंड होत असतं. घाम यायचा थांबला आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ती मस्करी समजू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखाना गाठा.

८. "पाणी येते का?" याचं उत्तर

छंद गावात कळला की सुटका नाही. लग्नाचा मांडव घालणारा, वीटभट्टीवाला, तीळ कापायला आलेला, उन्हाळी भुईमूग उपटून ठेवलेला, सगळे विचारतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला गर्दी लोटते. मी तिथे जाऊन बघितली आहे. त्या भाकितावर माझा विश्वास नाही, पण एक गोष्ट तिथे उमगली: शेतकऱ्याला उत्तर हवं असतं, आणि 'माहीत नाही' हे उत्तर तो घरून घेऊनच आलेला असतो.

मी काही वर्षं नेमकं सांगायचा आव आणला. "पाच वाजता येईल." पाचला आलं तर मी ऋषी, नाही आलं तर मेडिकलवाला. पाच किलोमीटर रुंदीचा उन्हाळी ढग एका शिवाराला बुडवतो आणि बांधापलीकडे धूळही बसवत नाही. तो कुठे फुटेल हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. नागपूरचं हवामान केंद्रही जिल्ह्यापुरता इशारा देतं आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज वेगळा काढतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं सोडून कामाला लागा. आता मी फक्त तेच पुढे पाठवतो. स्वतःचं भाकीत पाठवत नाही. 'पुढील दोन तास महाभयंकर' असले नाव-गाव नसलेले संदेश आले, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारतो, कुठून आलं? बहुतेकांना ठाऊक नसतं.

विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: तुझं आवरायला किती वेळ लागतो? मांडववाल्याला तीन तास, भुईमूगवाल्याला एक, हळदवाल्याला माणसं असतील तर चाळीस मिनिटं. मग सांगतो, आज दुपारी तीननंतर चाळीस मिनिटांपेक्षा लांब जाऊ नको. पाऊस येवो न येवो, हे सांगता येतं. लोकांना हे सुरुवातीला पळवाट वाटलं. मांडववाल्याला अजूनही वाटते.

९. गारेचा फोटो काढायच्या आधी

कडक मे महिन्यात गारा कमी, फेब्रुवारी ते एप्रिल जास्त. मे महिन्यात शून्य अंशाची रेषा साधारण पाच किलोमीटर उंचीवर गेलेली असते, आणि तिथून खाली येता येता बारीक गार वितळून जाते. जी पोचते ती मोठी असते. मोजायची तर आधी शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, मग फोटो, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजरमध्ये. 'लिंबाएवढी' लिहू नका, मिलिमीटर लिहा. आमच्याकडे लिंबं तीन आकारांची मिळतात.

हे सगळं नीट करून एकदा मी कारंज्याच्या बागेत तळहातावर गार धरून उभा होतो. अठ्ठावीस मिलिमीटर. आमच्या मंडळाची तोवरची सगळ्यात मोठी. आंबिया बहाराची संत्री गोट्यांएवढी झाली होती, ती खाली सडा पडल्यासारखी. बागायतदार आमचाच मित्र. फोटोसाठी उजेड चांगला होता म्हणून मी त्याला म्हणालो, "जरा बाजूला होतोस?" तो बाजूला झाला. फोटोच्या कडेला त्याची चप्पल आली आहे. तो फोटो मी गटात टाकला नाही. त्याने मात्र आठवड्याने विचारलं, "किती भरली होती ती?" मी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

१०. वही ठेवा

कूलर कधी चिकट झाला, वारा कुठून कुठे फिरला, पहिला ढग कोणत्या दिशेला, ऐरण किती वाजता, काहीच झालं नाही तर 'काही नाही'. माझ्या वहीत 'काही नाही' सगळ्यात जास्त वेळा आहे. नवा मुलगा मंडळात आला की मी त्याला आधी ती पानं दाखवतो.

यंदाच्या नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतली, एक नोंद. तीन वाजता फोन वाजला, समुद्रपूरहून. दम्याचं औषध संपलं असेल म्हणून मी हात पुसत उचलला. काकाजी म्हणाले, "भाऊ, कूलर थंडी हवा देऊन नाही राह्यला सकायपासून. पोराले म्हटलं ताडपत्री टाक." मी रडार उघडलं. कुठेच काही नव्हतं. तसं त्यांना सांगणार होतो, तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला.